'डू ॲज डायरेक्टेड' : दहावीचं इंग्रजी आणि आपला पहिला शोधनिबंध

गेल्या रविवारी मामेबहिणीचा दहावीचा इंग्रजीचा सराव पेपर हातात आला. ती मराठी माध्यमात आहे. तिच्या पेपरातला पहिलाच प्रश्न भाषाभ्यासाचा, 10 गुणांचा. गाळलेली अक्षरं भरून शब्द पूर्ण करा. शब्द वर्णानुक्रमे लावा. विरामचिन्हं द्या. एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून चार छोटे शब्द करा. शब्दसाखळी पूर्ण करा, म्हणजे 'टेबल'चं शेवटचं अक्षर 'ई', म्हणून पुढे 'एलिफंट', मग 'ट्री', मग 'एग'. पुढे उताऱ्यांखाली व्याकरणाचे प्रश्न, आणि त्यांच्यावर तीच जुनी सूचना : 'डू ॲज डायरेक्टेड'. सांगितल्याप्रमाणे करा.

तिने झरझर सोडवलं. व्हॉइस बदलला, 'टू'च्या जागी 'सो दॅट' आणलं, एकही चूक नाही. मग मी सहज विचारलं, "ही दोन्ही वाक्यं बरोबर आहेत ना? मग तू कुठलं वापरशील, आणि कधी?" ती म्हणाली, "दादा, तसं विचारत नाहीत."

हे उत्तर तिचं एकटीचं नाही. तुमच्यापैकी जे एमएस्सी संपवून पेट, सेट, नेटच्या तयारीत आहात, उद्या सिनॉप्सिस लिहिणार आहात, त्या सगळ्यांना हेच शिकवलेलं आहे, आणि मलाही. म्हणून आज एखाद्या शोधनिबंधाऐवजी या सरावाचीच चिकित्सा करू. माझा मुद्दा एकच आहे. हा सराव आपल्या मनात एक गृहीतक पक्कं करतो : वाक्याचं रूप बदललं तरी अर्थ तोच राहतो. संशोधनाचं लेखन मात्र रूप बदललं की अर्थ किती सरकतो, हे ओळखण्यापासून सुरू होतं.

आधी व्हॉइस घेऊ. 'वी हीटेड द सब्स्ट्रेट' याचं पॅसिव्ह शाळेत होतं 'द सब्स्ट्रेट वॉज हीटेड बाय अस'. ते 'बाय अस' राहिलं तर गुण जाईल, ही भीती आपल्याला अजून असते. पण पॅसिव्ह वापरण्याचं मुख्य कारणच हे की कर्ता सांगायची गरज नसते. आपल्या शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मवर बरंच काम होतं. त्यातला कुठलाही पेपर उघडा आणि प्रयोगपद्धतीचा भाग वाचा. सब्स्ट्रेट धुतला गेला, तापवला गेला, द्रावण फवारलं गेलं. कोणी, ते लिहिलेलं नसतं, कारण तिथे कोणीही असलं तरी फिल्म तशीच बनायला हवी. उलट जिथे निर्णय आपला आहे, जबाबदारी आपली आहे, तिथे 'वी' लिहावं लागतं : आम्ही हे मॉडेल निवडलं, आमचं म्हणणं असं आहे. 'नेचर'च्या लेखकांसाठीच्या सूचनांत ॲक्टिव्ह व्हॉइसला पसंती आहे. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 सालचा लेख सुरूच 'आम्ही' या कर्त्याने होतो. 'विज्ञानात नेहमी पॅसिव्ह लिहायचं' हा आपल्याकडचा ऐकीव नियम त्यामुळे अर्धवट ठरतो.

इथे मराठीमुळे आणखी एक गुंता होतो. आपण 'पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग' असं पाठ केलेलं असतं. पण 'सीमाने नमुना तपासला' आणि 'सीमाने पट्टी तपासली' ही दोन्ही वाक्यं मराठी व्याकरणात कर्मणी आहेत, कारण क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. सीमा मात्र दोन्हीकडे ठळक उभी आहे. इंग्रजीत त्यांचं सरळ ॲक्टिव्हच होतं. इंग्रजी पॅसिव्हच्या खऱ्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे सरकारी पत्रातलं : 'नमुना तपासण्यात आला'. कोणी तपासला, हे विचारायचं नाही! हा फरक दहावीत कोणी दाखवला असता, तर व्हॉइस हा आकडेमोडीसारखा प्रकार न राहता बोलण्याची एक तऱ्हा वाटली असती.

दुसरी गोष्ट, आर्टिकल. 'अ', 'ॲन', 'द' आपण रिकाम्या जागेत भरायला शिकलो. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे तो भाग पाठांतरावर गेला. आता समजा, तुम्ही रंकाळ्याच्या पाण्यावर काम करताय. 'अ सॅम्पल वॉज कलेक्टेड' म्हणजे कुठला तरी एक नमुना घेतला. पुढच्या वाक्यात 'द सॅम्पल वॉज फिल्टर्ड' म्हणजे तोच, आत्ता सांगितलेला. तिथे पुन्हा 'अ' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, हा दुसराच नमुना. एका छोट्या शब्दाने तुमच्या प्रयोगातल्या नमुन्यांची संख्या बदलते. तसंच 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. 'फ्यू स्टडीज' म्हणजे अभ्यास फारसे झालेलेच नाहीत, आणि 'अ फ्यू स्टडीज' म्हणजे काही झालेले आहेत. संशोधनातली पोकळी दाखवताना पहिला लिहायचा का दुसरा, यावर तुमच्या विषयाची गरज उभी राहते.

तिसरी गोष्ट, जोडवाक्यं. मराठीत 'जरी' आला की 'तरी' येतो. म्हणून आपण हमखास 'ऑल्दो'ने सुरू केलेल्या वाक्याच्या मधोमध 'बट' टाकतो. इंग्रजीला दोन्ही एकदम चालत नाहीत. ही चूक कच्च्या अभ्यासाची नाही, पक्क्या मराठीची आहे. दोन भाषा शेजारी ठेवून ती दाखवली तर दहा मिनिटांत जाते. नुसता नियम सांगून सूचनेप्रमाणे बदला म्हटलं तर पीएचडीपर्यंत टिकते. माझी टिकली होती. पहिल्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये माझ्या गाईडने तीन 'बट' लाल शाईने काढले, तेव्हा कळलं की गाईड या शब्दाचाही अर्थ दहावीनंतर बदलतो.

आता शब्दसंग्रह. समानार्थी शब्दांच्या यादीत 'शो', 'सजेस्ट', 'इंडिकेट', 'प्रूव्ह' हे शब्द एकमेकांच्या आसपास सापडतात. शोधनिबंधात त्यांची उतरंड असते. 'सजेस्ट' म्हणजे पुरावा त्या बाजूला झुकतोय. 'शो' म्हणजे दिसलंय. 'प्रूव्ह' बहुतेक वेळा गणितवाल्यांसाठी सोडून द्यावा. पाच नमुन्यांवर काम करून 'प्रूव्ह' लिहिलंत तर परीक्षक तुमचं इंग्रजी बघत नाही, तुमचा दावा बघतो. 'सिग्निफिकंट' म्हणजे 'महत्त्वाचा' असं आपण पाठ केलं, पण संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. एखादा फरक सांख्यिकीच्या भाषेत 'सिग्निफिकंट' असून प्रत्यक्षात अगदी किरकोळ असू शकतो.

'ॲक्युरसी' आणि 'प्रिसिजन' दोन्हींना आपण 'अचूकपणा' म्हणून मोकळे होतो. वितळणाऱ्या बर्फात थर्मामीटर ठेवला आणि वाचनं आली 2.1, 2.2, 2.1, 2.1 अंश सेल्सिअस. वाचनं एकमेकांजवळ आहेत, म्हणजे 'प्रिसिजन' छान. पण खरी किंमत शून्य आहे, म्हणजे 'ॲक्युरसी' नाही. एकाऐवजी दुसरा शब्द लिहिला तर वाक्य व्याकरणात शुद्ध राहील आणि विज्ञानात खोटं ठरेल.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर पुढचं बघा. 2021 मध्ये गिलॉम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांतले विचित्र शब्दप्रयोग गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफीट कॉन्शसनेस', 'बिग डेटा'च्या जागी 'कोलोसल इन्फर्मेशन'. त्यांनी याला 'टॉर्चर्ड फ्रेझेस' म्हटलं, म्हणजे हाल केलेले शब्दप्रयोग. त्यांच्या मते, दुसऱ्याचा मजकूर शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला की असे शब्द तयार होतात. नीट पाहा, त्या सॉफ्टवेअरने काय केलं? प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द ठेवला. सूचनेप्रमाणे केलं. आपल्या सरावाचाच तो शेवटचा टप्पा आहे.

आणि आपल्यातले किती जण हेच हाताने करतात! संदर्भ-आढावा लिहिताना दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं, व्हॉइस बदलायचा, दोन शब्द बदलायचे, की झालं 'आपलं'. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 टक्के असेल तर ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त प्रबंध द्यावा लागतो. 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणीच रद्द. मुलं हा आकडा खाली आणायला धडपडतात. पण व्हॉइस बदलून आकडा उतरला तरी विचार उसनाच राहतो. ही अप्रामाणिकपणाची सवय आहे असं मी सरसकट म्हणणार नाही. वाक्य फिरवणं म्हणजेच नवं वाक्य लिहिणं, असं ज्याला दहा वर्षं शिकवलं, तो दुसरं काय करणार?

आता दुसरी बाजू. मंडळाला झोडपणं सोपं आहे. पण एकाच पेपरात राज्यभरातली लाखो मुलं बसतात, आणि हजारो शिक्षकांनी दिलेले गुण सारखे यावे लागतात. 'तू कुठलं वाक्य वापरशील' याचं उत्तर तपासणं अवघड, व्हॉइस तपासणं सोपं. शिवाय कोल्हापूर विभागीय मंडळात कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे येतात. शाहूवाडी किंवा जतसारख्या तालुक्यातल्या ज्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर इंग्रजी पडतच नाही, त्याला शब्दसाखळीचे दोन गुण उत्तीर्ण व्हायला हात देतात. ते काढून घ्या, असं मी म्हणणार नाही.

माझी खरी तक्रार सरावाच्या वाटणीबद्दल आहे. कारण याच 80 गुणांच्या पेपरात तीन प्रश्न असे आहेत, जे थेट संशोधनाकडे नेतात. एक, सारांशलेखन, 5 गुण : उताऱ्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. हाच पुढे तुमचा ॲबस्ट्रॅक्ट. दोन, माहितीचं रूपांतर, 5 गुण : तक्ता किंवा आकृती पाहून परिच्छेद लिहा, किंवा परिच्छेदाचा तक्ता करा. हाच तुमच्या निबंधातला निष्कर्षांचा भाग. तीन, शेवटचा भाषांतराचा प्रश्न, 5 गुण : शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण आपल्या माध्यमात आणा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच वाटेने. दोन भाषा शेजारी ठेवल्याशिवाय 'जरी-तरी'सारख्या चुका दिसत नाहीत.

एकूण 15 गुण. यांचा सराव कसा होतो? सारांशाचा साचा पाठ, तक्त्याच्या परिच्छेदाची पहिली दोन वाक्यं पाठ, आणि भाषांतर 'शेवटी वेळ उरला तर'. ज्या प्रश्नांत विचार करावा लागतो, तेच आपण पाठ करून टाकले.

तुमची दहावी होऊन गेली. पण राहिलेला सराव आज करता येतो, आणि त्याला क्लास लागत नाही. आपल्या विषयातला एक चांगला पेपर घ्या. त्यातला एक आलेख ठेवून बाकी मजकूर झाका. आलेख पाहून पाच वाक्यं लिहा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मग झाकलेला मजकूर उघडा आणि चार प्रश्न विचारा. लेखकाने कर्ता कुठे ठेवला, कुठे लपवला? 'अ' कुठे आणि 'द' कुठे? दाव्याचं क्रियापद कोणतं, 'शो' की 'सजेस्ट'? आणि माझ्या वाक्यात जे आहे ते आलेखात खरंच आहे का?

मामेबहिणीला मी हेच छोट्या प्रमाणात दिलं. तिच्या वर्गातल्या महिनाभराच्या हजेरीचा तक्ता, आणि त्यावर चार वाक्यं. तिने लिहिलं की पावसामुळे हजेरी घटली. मी विचारलं, तक्त्यात पाऊस कुठे आहे? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने वाक्य खोडलं आणि लिहिलं, दुसऱ्या आठवड्यात हजेरी घटली. खाली कंसात एक ओळ टाकली : कारण तक्त्यावरून कळत नाही.

या ओळीला तिच्या परीक्षेत गुण नसतील. तुमच्या प्रबंधात असतील.