रंगभूषेचे छायाचित्रण : प्रकाश, कॅमेरा आणि 'प्रमाण' त्वचा

प्रास्ताविक

रंगभूषा चेहऱ्यावर केली जात असली तरी छायाचित्रात ती प्रकाश आणि कॅमेरा यांच्या मध्यस्थीनेच उतरते. मराठी नाट्य-चित्रपट समीक्षेत रंगभूषेचा उल्लेख बहुधा 'भूमिकेला साजेशी' एवढ्यावर संपतो. ही मध्यस्थी तिथे गृहीत धरलेली असते. छायाचित्रातील रंगभूषा फसली की दोष रंगभूषाकाराला किंवा चेहऱ्याच्या 'सावळेपणा'ला दिला जातो. साधनाची चौकशी होत नाही. ही चौकशी का आवश्यक आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृष्णधवल फिल्म आणि लाल रंग

मूकपटांच्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्या व हिरव्या प्रकाशाला संवेदनशील होती. लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. परिणामी लाल ओठ काळे, तर निळे डोळे फिकट उमटत. त्वचेतील तांबूस छटाही गडद होत असल्याने नटांना फिकट रंगाचा जाड लेप लावावा लागे. पुढे लालसह सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रूढ झाली. बोलपटांच्या आगमनामुळे आवाज करणाऱ्या कार्बन आर्क दिव्यांऐवजी टंगस्टनचे दिवेही वापरात येऊ लागले. या दिव्यांच्या प्रकाशात लाल-पिवळ्या किरणांचे प्रमाण अधिक असते. १९२८ मध्ये हॉलिवूडमध्ये या नव्या दिव्यांच्या व फिल्मच्या पद्धतशीर चाचण्या झाल्या आणि त्याच सुमारास मॅक्स फॅक्टर यांनी पँक्रोमॅटिक फिल्मसाठी वेगळी रंगभूषा सिद्ध केली. फिल्म आणि दिवा बदलताच चेहऱ्यावरील रंगही बदलावा लागला, ही बाब सूचक आहे. रंगभूषा चेहऱ्याच्या गरजेपेक्षा यंत्राच्या गरजेनुसार घडत होती.

मराठी प्रेक्षकाला याचे जवळचे उदाहरण 'प्रभात'च्या 'कुंकू' (१९३७) या चित्रपटात सापडते. शीर्षकातच असलेली वस्तू लाल. चित्रपट मात्र कृष्णधवल. पडद्यावर दिसते ती केवळ एक गडद छटा. तिला लाल रंग देतो तो प्रेक्षकाचा सांस्कृतिक अनुभव. तेच कुंकू ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर जवळजवळ काळे, तर पँक्रोमॅटिक फिल्मवर तुलनेने उजळ उमटते. तेव्हा कॅमेऱ्याला 'वास्तवाचा आरसा' म्हणण्यापूर्वी तो आरसा कोणत्या रंगांना आंधळा आहे, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते.

'शर्ली कार्ड' आणि त्याची मर्यादा

रंगीत छायाचित्रणात हा प्रश्न थेट त्वचेपर्यंत पोहोचला. रंगीत छपाईचा समतोल तपासण्यासाठी प्रयोगशाळांना संदर्भचित्र पुरविले जाई. 'शर्ली कार्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रात दीर्घकाळ गौरवर्णी स्त्रीच असे. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मधील आपल्या लेखात या कार्डाची चिकित्सा करून, तंत्रज्ञानातील 'प्रमाण' हे सामाजिक निवडीतून घडते, असे प्रतिपादन केले. गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट उतरत नाहीत, या तक्रारीत चॉकलेट व लाकडी फर्निचरच्या उत्पादकांचाही वाटा होता, ही त्यांनी नोंदविलेली माहिती अंतर्मुख करणारी आहे. माणसांच्या चेहऱ्यांआधी वस्तूंच्या रंगाला बाजारात वजन मिळाले.

मात्र रॉथ यांच्या मांडणीवरून सारा दोष फिल्मच्या रसायनावर टाकणे अपुरे ठरेल. सावळी त्वचा प्रकाश कमी परावर्तित करते; तिच्या चेहऱ्याची घडण मुख्यतः त्वचेवरील चमकेतून उलगडते. म्हणून समोरून फेकलेल्या तीव्र प्रकाशापेक्षा बाजूने येणारा, मोठ्या पृष्ठभागावरून पसरलेला मृदू प्रकाश तिला अधिक न्याय देतो. ही निवड छायाचित्रकाराच्या हातात असते. फिल्म बदलली तरी प्रकाशयोजनेची सवय बदलली नाही, तर जुनाच निकष नव्या साधनातून चालू राहतो.

आजची साधने

आज सौंदर्यछायाचित्रणात सर्वत्र दिसणारा रिंग लाइट भिंगाभोवतीच्या वर्तुळातून प्रकाश टाकतो आणि सावल्या पुसतो. याच तत्त्वावरचा रिंग फ्लॅश १९५२ मध्ये दंतवैद्यकीय छायाचित्रणासाठी तयार करण्यात आला होता. तोंडाच्या आतील भाग स्पष्ट दाखविणारा सावलीविरहित प्रकाश चेहऱ्यावर पडला की गालांचे चढउतार सपाट होतात. मग गालांवर गडद छटा लावून हरवलेली सावली पुन्हा रंगवावी लागते. दिव्याने पुसायचे आणि ब्रशने भरायचे, असा हा व्यवहार आहे.

एलईडी दिव्यांबाबत आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. रंगदर्शनाचा प्रचलित निर्देशांक, म्हणजे सीआरआय, पहिल्या आठ नमुना-रंगांच्या सरासरीवर ठरतो. गडद लाल हा नववा नमुना त्या सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे चांगला निर्देशांक छापलेल्या दिव्याखालीही कुंकू, ओठांचा रंग आणि त्वचेतील रक्तिमा निस्तेज दिसू शकतो. त्यातच स्वयंचलित कॅमेरा दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे खेचतो. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या शालूतील सावळ्या वधूचे छायाचित्र अशा वेळी हमखास काळवंडते आणि पुढच्या खेपेस तिच्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ रंग चढविला जातो. यंत्राची चूक अशा रीतीने चेहऱ्यावर दुरुस्त केली जाते.

२०२२ मध्ये गूगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचावर्णपट्टी स्वीकारली, हे स्वागतार्ह आहे. तथापि पट्टी बदलल्याने दृष्टी आपोआप बदलत नाही.

निष्कर्ष

रंगभूषेच्या छायाचित्राची समीक्षा करताना रंगाच्या लेपाबरोबरच दिव्याचा वर्णपट, प्रकाशाची दिशा आणि कॅमेऱ्याचा निकष यांचाही विचार व्हावयास हवा. ललितकला, नाट्यशास्त्र व माध्यमविद्या यांच्या अध्यापनात हे विषय परस्परांपासून तोडून शिकविले गेल्यास, सावळा चेहरा ही 'अडचण' आहे असा समज विद्यार्थी वर्गातूनच घेऊन बाहेर पडेल. दुरुस्तीची सुरुवात चेहऱ्यापासून न करता दिव्यापासून करणे, हा त्यावरील पहिला आणि सर्वात स्वस्त उपाय होय.