कॅमेरा कोणाचा साक्षीदार?

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या 105व्या कलमानुसार झडतीचं आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करायचं, शक्यतो मोबाइलवर. जप्त वस्तूंची यादी करणं, त्यावर साक्षीदारांनी सह्या करणं, हेही त्यात आलं. आणि हे मुद्रण विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं.

या तरतुदीचं आम्ही स्वागतच करतो. पंचनाम्याची आपल्याकडे काय गत झाली आहे, हे सांगायला नको. कायद्याला हवेत त्याच वस्तीतले स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच. प्रत्यक्षात पोलिसांच्या ओळखीतला माणूस कागदावर सही करतो आणि पुढे कोर्टात फिरतो. तेव्हा कॅमेरा आला, बरंच झालं.

पण कॅमेरा आला म्हणजे सत्य आलं, असं जे गृहीत धरलं जातं, तिथे आमचा आक्षेप आहे. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि शब्द ही दोन वेगळी प्रमाणं आहेत. चित्रफीत आपल्याला प्रत्यक्षासारखी वाटते. पण विचार करा, फोन पोलिसाच्याच हातात. तो कधी सुरू करायचा, कुठे रोखायचा, हे त्यानेच ठरवायचं. म्हणजे ते त्याचं कथनच झालं की! आणि शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा विश्वासार्ह असेल तरच. ती परीक्षा कॅमेऱ्यामुळे टळत नाही.

आता हॅशचं बघू. साक्ष अधिनियमाच्या 63व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा म्हणा. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. उत्तम. पण ठसा घेतल्यानंतर काही बदललं का, एवढंच तो सांगतो. त्याआधी काय झालं, याबद्दल तो मुका आहे. लॅपटॉप सोमवारी जप्त झाला आणि हॅश शुक्रवारी काढला, तर मधल्या दिवसांचं काय?

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. मुद्रण केलंच नाही तर काय, यावर कलम 105 गप्प आहे. आपल्या कायद्याची जुनी वाट काय आहे? मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या खटल्यात, 1972 साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला, एवढ्यावरून तो अग्राह्य ठरत नाही. त्या खटल्यातला पुरावा होता टेलिफोन संभाषणाची ध्वनिफीत. म्हणजे यंत्र आणि प्रक्रिया यांचं हे भांडण आजचं नाही. ती वाट तशीच राहिली, तर मुद्रण टाळणाऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. ज्या कर्तव्याच्या भंगाला किंमत नाही, ते कर्तव्य नव्हे, सल्ला झाला.

कोणी म्हणेल, तांत्रिक चुकीपायी गुन्हेगार सोडायचा का? प्रश्न रास्त आहे. सरसकट सोडा, असं आमचं म्हणणं नाही. पण मुद्रण का नाही, याचा खुलासा सरकार पक्षाने द्यावा आणि तो पटला नाही, तर त्या जप्तीवर न्यायालयाने विसंबू नये. हॅश जप्तीच्याच वेळी, आरोपीसमोर काढावा. आणि मुद्रणाची प्रत त्याला आरोपपत्राची वाट न पाहता मिळावी.

प्रक्रिया ही सत्याच्या वाटेतली अडचण नाही. बळ एका बाजूला एकवटलेलं असताना दुसऱ्या बाजूला बोलता यावं, म्हणून ती असते. यंत्र बळवानाच्या हाती आलं, तर तिची गरज वाढते, कमी होत नाही.