नगावर मोजलेली बातमी

'पीपली लाइव्ह' (2010) अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा माझी नजर नत्थावरून ढळली आणि राकेशवर जाऊन थांबली. अनुषा रिझवी यांच्या या चित्रपटात कर्जबाजारी नत्था आत्महत्या करणार ही बातमी पहिल्यांदा देतो तो राकेश. नवाझुद्दीन सिद्दिकीने साकारलेला हा तरुण तिथल्या एका छोट्या वृत्तपत्राचा वार्ताहर आहे. गावाची वाट त्याला ठाऊक आहे, माणसं त्याच्या ओळखीची आहेत. दिल्लीहून वाहिन्यांचा ताफा येतो तेव्हा इंग्रजी वाहिनीच्या नंदिताला गावाची उकल करून देणाराही तोच. बदल्यात त्याला एवढंच हवं आहे की तिने त्याच्या नोकरीसाठी शब्द टाकावा.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्यासह बहुतेकांनी या चित्रपटाला माध्यमांवरचं प्रहसन म्हटलं होतं. ते खरंच आहे. पण प्रहसनाला हसून झालं की खाली एक हिशेब उरतो. बातमी कोण आणतं आणि तिचे पैसे कोणाला मिळतात? हा प्रश्न घेऊन 'पीपली लाइव्ह'शेजारी मी डॅन गिलरॉय यांचा 'नाइटक्रॉलर' (2014) ठेवते. लॉस एंजेलिसच्या स्थानिक टीव्हीवरचा हा चित्रपट. एक हिंदी, एक इंग्रजी. एकात खेडं, दुसऱ्यात महानगर. दोन्हींच्या मध्यभागी मात्र तोच माणूस उभा आहे, ज्याला आपल्याकडच्या जिल्ह्याजिल्ह्यांत 'स्ट्रिंगर' म्हणतात. पगार नाही, नगावर पैसे.

'नाइटक्रॉलर'चा नायक लू ब्लूम (जेक जिलनहॉल) सुरुवातीला तांब्याच्या तारा आणि कुंपणाच्या जाळ्या चोरून भंगारवाल्याला विकतो. पुढे तो अपघात आणि खून यांची दृश्यं विकू लागतो. त्याच्या लेखी या दोन धंद्यांत फरक नाही, आणि चित्रपटाची खरी धार इथेच आहे. लू विकृत आहे म्हणून बातमी बिघडली, असं गिलरॉय म्हणत नाहीत. वाहिनीने रात्रीचं चित्रण बाहेरून नगावर विकत घ्यायचं ठरवलं, म्हणून लूसारख्याला दार उघडलं गेलं. तो प्रेताची जागा बदलतो, कारण चौकट चांगली आली तर दर चांगला येतो. त्याने दृश्य कसं मिळवलं हे विचारायला वाहिनी बांधील नाही, कारण तो वाहिनीचा माणूसच नाही.

लूच्या बोलण्याकडे अनुवादक म्हणून मी कान देऊन बसते. तो बोलतो ती भाषा कुणाचीच मातृभाषा नाही. 'ध्येय', 'वाटाघाट', 'कामगिरीचा आढावा' अशी व्यवस्थापनाच्या पाठ्यक्रमातून उचललेली वाक्यं तो तोंडपाठ म्हणतो. रात्रीला 30 डॉलरवर ठेवलेल्या रिकलाही तो याच भाषेत बोलतो, जणू मोठी कंपनी एखाद्या अधिकाऱ्याशी बोलते आहे. या पात्राचा मराठी अनुवाद करायचा झाला तर बोली शोधायची गरज नाही. कुठल्याही कार्यालयातल्या परिपत्रकाची भाषा पुरेल. राकेशचं याच्या उलट आहे. त्याचं बोलणं त्याच्या मातीतून उपटलं तर अर्धा माणूस मागे राहील.

वृत्तसंचालक नीना (रेने रूसो) हीसुद्धा खलनायिका नाही. तिचं केंद्र प्रेक्षकसंख्येत तळाला आहे, तिचा करार संपत आला आहे, आणि लू नेमका तोच धागा पकडून तिला कोंडीत धरतो. स्थानिक बातमीपत्रात शहराच्या कारभाराला 22 सेकंद मिळतात आणि गुन्ह्यांना पाच मिनिटांहून अधिक, हे आकडेही लूच तिला ऐकवतो. हा क्रम का, याचं उत्तर खर्चात आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पावर बातमी करायला तो वाचू शकणारा वार्ताहर वर्षानुवर्षं पोसावा लागतो. अपघाताला पोलिसांचा रेडिओ ऐकणारा कुणीही पुरतो. श्रीमंत वस्तीतल्या हत्याकांडामागे अमली पदार्थ होते हे कळल्यावर नीना ते सांगायचं टाळते, कारण त्याने भीतीची गोष्ट विरते. स्वस्तातल्या बातमीला पार्श्वभूमी परवडत नाही.

'पीपली लाइव्ह'मध्येही असाच एक क्षण आहे. होरी महातो नावाचा म्हातारा रोज माती खणतो, विकतो, आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. हे नाव प्रेमचंदांच्या 'गोदान'मधून आलं आहे, हे हिंदी वाचकाला सांगावं लागत नाही. राकेश अस्वस्थ होऊन नंदिताला विचारतो की हाही शेतकरीच होता, मग याची बातमी का नाही? तिचं लक्ष नत्थावरून हलत नाही. जगण्याचा प्रश्न विचारणारा एकमेव पत्रकार चित्रपटात आहे, आणि तो कुणाच्याच पगारपत्रकावर नाही. शेवटी आगीत राकेश मरतो. जळालेला देह नत्थाचा समजला जातो आणि वाहिन्यांच्या गाड्या निघून जातात. बातमी देणारा बातमीत मेला, तेही दुसऱ्याच्या नावाने.

दोन्ही चित्रपटांबद्दल माझी तक्रारही आहे. 'पीपली लाइव्ह' निवेदकांच्या उथळपणाला इतका झोडपतो की त्यांच्यामागचा ताळेबंद दिसतच नाही. दोष माणसांच्या स्वभावाचा वाटतो. 'नाइटक्रॉलर' ताळेबंद उलगडून दाखवतो, सौदा करण्याची दृश्यं त्यात प्रेमदृश्यांसारखी रेंगाळत चित्रित केली आहेत. पण ज्या शहराची ही बातमी आहे त्या शहराला तो तोंडच देत नाही. तिथले रहिवासी फक्त जखमी होतात किंवा पाहतात. म्हणून हे दोन चित्रपट एकत्र पाहायला हवेत. एकाकडे माणूस आहे, दुसऱ्याकडे हिशेब.

या हिशेबाचा पुढचा टप्पा चित्रपटाबाहेर घडला. 2018 मध्ये अमेरिकेतल्या सिंक्लेअर या कंपनीच्या अनेक स्थानिक वाहिन्यांवरच्या निवेदकांनी एकच मजकूर शब्दशः वाचला. त्या चित्रफिती एकत्र जोडल्या गेल्या तेव्हा डझनावारी चेहरे एका सुरात बोलताना दिसले. बदलत होती ती नावं आणि गावं. अनुवादात एक मजकूर अनेक भाषांत जातो आणि प्रत्येक भाषेत थोडा त्या भाषेचा होतो. इथे नेमकं उलटं झालं: तोंडं गावोगावची, वाक्य मुख्यालयाचं. एका जागी लिहून शंभर जागी वाचणं स्वस्त पडतं. ज्या वाहिनीचा प्रेक्षक म्हणतो की 'हा आमच्या गावचा माणूस आहे', तिथेच ते सर्वाधिक चालतं, कारण विश्वास आधीच कमावलेला असतो.

मी स्वतः वीसेक वर्षांपूर्वी काही महिने एका वाहिनीच्या डेस्कवर होते. जिल्ह्यातून आलेला मजकूर 'प्रमाण' करणं हे माझं काम. एका स्ट्रिंगरने एकदा लिहून पाठवलं होतं की टेलच्या लोकांची पाण्याची पाळी चुकली. कालव्याचं पाणी ठरलेल्या क्रमाने सोडतात. टेलला म्हणजे शेवटच्या टोकाला ज्याचं रान, त्याच्यापर्यंत ते पोचेलच असं नाही. वरच्या अंगाला कुणी पाणी अडवलं, हा प्रश्न त्या एका वाक्यात होता. मी त्याचं केलं, 'पाणीटंचाईने शेतकरी हवालदिल'. वाक्य शुद्ध होतं, तीन शब्दांत बसलं होतं. त्यातून पाणी अडवणारा मात्र निसटला होता. पुढे काटकसर आली. त्या स्ट्रिंगरच्या बातम्या घेणं बंद झालं आणि तीन जिल्ह्यांसाठी एक वार्ताहर फोनवरून बोलू लागला. त्याला टेल कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. 'हवालदिल' तेवढं त्याला येत होतं.

ओडिशातल्या ओटीव्हीने 2023 मध्ये लिसा ही कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका ओडिया आणि इंग्रजीत बोलती केली. मे 2024 मध्ये डीडी किसानवर क्रिश आणि भूमी आले. ते पन्नास भाषांत बोलू शकतात आणि थकत नाहीत, असं सांगितलं गेलं. हवामान, बाजारभाव अशी माहिती शेतकऱ्याला त्याच्या भाषेत मिळाली तर त्यात वाईट काही नाही. अनुवादक म्हणून यंत्राचा मला मत्सरही वाटत नाही. मला काळजी आहे ती दुसऱ्या टोकाची. एका मजकुराच्या पन्नास भाषा करणं आता स्वस्त झालं आहे. पण तो मजकूर गावातून आणणारा माणूस महाग ठरून वगळला जातो आहे. लक्ष्यभाषा वाढताहेत आणि मूळ आटतं आहे. मूळच नसेल तर अनुवाद कशाचा करायचा?

राकेशला नोकरी मिळाली असती तर तो होरी महातोची बातमी लावू शकला असता का? मला खात्री नाही. डेस्कवर माझ्यासारखी कुणी बसलेली असती, तर तिने कदाचित तीही 'हवालदिल' करून टाकली असती. पण होरी मेला, एवढं तरी कुणीतरी लिहून पाठवलं असतं. ते वाक्य पाठवणाऱ्याला महिन्याचा पगार असावा, ही मागणी वाङ्मयीन नाही असं कुणी म्हणेल. 'पाळी चुकली' हे वाक्य ज्याने एकदा खोडलं आहे, त्याला ती वाङ्मयीनच वाटेल.