वय की विचार? : १९६९ च्या काँग्रेस फुटीचे पुनर्वाचन

१९६९ मधील काँग्रेसची फूट ‘जुने विरुद्ध तरुण’ अशी सांगण्याची पद्धत वर्गांतून रूढ आहे. ही मांडणी सोयीची असली तरी पुरेशी नाही.

१९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचे ध्येय स्वीकारले. १९६५ ते १९६७ मधील दुष्काळ, धान्यटंचाई आणि ६ जून १९६६ चे अवमूल्यन (डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये) यांनी त्या ध्येयाची कसोटी पाहिली. १९६७ मध्ये पक्षाने अनेक राज्ये गमावली. चंद्रशेखर, मोहन धारिया, कृष्णकांत हे ‘तरुण तुर्क’ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा आग्रह धरू लागले. मोरारजी देसाई यांना सामाजिक नियंत्रण पुरेसे वाटत होते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष दुभंगला.

येथवर वयाचे सूत्र जुळते. पुढे मात्र ते तुटते. १९६४ मध्ये भुवनेश्वरला लोकशाही समाजवादाचा ठराव झाला तेव्हा अध्यक्ष असलेले कामराज ‘जुन्यां’त गेले. साठी ओलांडलेले जगजीवनराम नव्या पक्षाचे अध्यक्ष झाले. म्हैसूर राज्यात तर १९२४ साली जन्मलेले वीरेंद्र पाटील एस. निजलिंगप्पांबरोबर राहिले आणि १९१५ साली जन्मलेले देवराज अरस इंदिरा गांधींकडे गेले.

सीमाभागात निजलिंगप्पा हे नाव प्रामुख्याने महाजन अहवालाच्या (१९६७) संदर्भात घेतले जाते. त्यामुळे अर्थधोरणाचा हा वाद बाजूला पडतो. वस्तुतः त्याचे पडसाद मच्छे-निपाणीच्या शिवारापर्यंत पोचणारे होते. अरस सरकारची जमीन सुधारणा दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून अमलात आली आणि बेळगाव जिल्ह्यासह राज्यभरातील कुळांना मालकीहक्क मागता आला.

संकटाचा भार कोणी सोसायचा आणि पक्षात निर्णय कोणी घ्यायचा, असे दोन प्रश्न १९६९ मध्ये होते. पहिल्याच्या गजरात तरुण तुर्कांनी दुसरा मागे ठेवला. १९७५ मध्ये तोच समोर आला. जयप्रकाशांशी संवादाचा आग्रह धरणाऱ्या धारियांना मंत्रिपद गमवावे लागले, आणीबाणीत चंद्रशेखर तुरुंगात गेले. १९७७ मध्ये धारिया मोरारजींच्याच मंत्रिमंडळात बसले.

म्हणून हा धडा शिकविताना जन्मसालांपेक्षा हे दोन प्रश्न फळ्यावर मांडणे अधिक उचित ठरेल. पिढी बदलली म्हणजे पक्षांतर्गत लोकशाही आली, असे होत नाही.