चौकटीबाहेरचे धुरांडे

आपल्या मुलुखाचे देखणे छायाचित्र काढताना आपण काय गाळतो? या प्रश्नाची तपासणी मी माझ्याच संग्रहापासून सुरू करतो. मोहन्याला उल्हास नदीच्या काठाने मी वर्षानुवर्षे कॅमेरा घेऊन फिरलो. पावसाळ्यानंतरचे भरलेले पात्र, पलीकडची झाडी, लांबवर मलंगगडाची रांग. एनआरसीच्या रेयॉन कारखान्याचे धुरांडे चौकटीत येऊ नये म्हणून दर वेळी मी दोन पावले बाजूला सरकत असे. २००९ मध्ये कारखाना बंद पडला. ज्याच्या पाळ्यांवर गावाचा दिवस चालायचा, त्याचे एकही छायाचित्र माझ्यापाशी नाही.

ही सवय माझ्या एकट्याची नव्हे. उद्धव ठाकरे यांचे ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) हे हवाई छायाचित्रांचे पुस्तक घ्या. किल्ल्याची तटबंदी भूरूपाशी कशी जुळवून घेते, हे त्या उंचीवरूनच उमगते. सिंधुदुर्गाचा तट बेटाच्या काठाने कसा वळत जातो, हे तटावर उभे राहून नीटसे कळत नाही. हा लाभ मोठा आहे. मात्र गिरिदुर्ग म्हणजे चढण, लागलेला दम, पायथ्याची वाडी. आकाशातून हे सारे सपाट होते. पुढच्याच वर्षीच्या ‘पाहावा विठ्ठल’मध्ये हवेतून वारीचा प्रवाह दिसतो, पण त्या उंचीवरून वारकऱ्याचा चेहरा हाती लागत नाही.

याउलट उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. कल्याणहून पुण्याकडे जाणारा बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तो बांधला जात असतानाची छायाचित्रे ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावावर आहेत. पतीच्या निधनानंतर या कामाचा ठेका त्यांनीच पुढे नेला. तिथे सह्याद्रीचे कडे आहेत, पण ते पूल आणि भराव यांच्यासह. छायाचित्रांचा हेतू कामाची नोंद ठेवण्याचा होता. निसर्ग त्या ओघात आला, आणि मला तरी तो अधिक खरा वाटतो. अर्थात ही ठेकेदाराची नजर आहे. घाटात राबलेल्या आणि मेलेल्या हजारो मजुरांची नावे तीही सांगत नाही.

सौंदर्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो, माणसांची कमाई आणि कष्ट पुसल्याशिवाय मुलूख सुंदर दिसतच नाही, या समजुतीला. नदी माझ्या चित्रांत आली, पण तिच्या काठी गाव का वसले, वाढले आणि मग ओस पडू लागले, हे त्यांतून कुणालाही कळणार नाही.

ते धुरांडे मला अखेर सापडले. एका निवृत्त कामगाराच्या घरी, बारशाच्या फोटोत, पाळण्यामागच्या खिडकीतून, जरासे तिरके. फोटो काढणाऱ्याला ते लपवावेसे वाटले नव्हते. मोहन्याचे निसर्गचित्र म्हणून मी आता तोच फोटो दाखवतो.