पडदा वर गेला, पण किती?

‘सिंगिन इन द रेन’ म्हटलं की आपल्याला १९५२ चा चित्रपट आठवतो आणि छत्री मिटून पावसात नाचणारा जीन केली. गाणं मात्र त्याहून जुनं आहे. शब्द आर्थर फ्रीड यांचे, चाल नॅसिओ हर्ब ब्राऊन यांची. एमजीएमच्या १९२९ च्या ‘हॉलिवूड रेव्ह्यू’मध्ये ते रेनकोट घातलेल्या मोठ्या ताफ्यासह सादर झालं होतं. पुढे फ्रीड त्याच कंपनीत निर्माते झाले. आपल्या जुन्या गाण्यांभोवती चित्रपट लिहायचं काम त्यांनी बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन या जोडीला दिलं. म्हणजे गाणी आधी, गोष्ट नंतर.

लेखकांनी गोष्ट गाण्यांच्याच काळात नेली. मूकपट मागे पडून बोलपट येत होते, तो हा काळ. पडद्यावरची लाडकी नटी लीना लॅमाँट देखणी, पण आवाज चिरका. मग कॅथी सेल्डन या नवख्या मुलीचा आवाज तिच्या तोंडी घालायचं ठरतं.

आता हे गाणं कुठे कुठे येतं ते बघा. श्रेयनामावलीच्या वेळी तिघे रेनकोट घालून ते गातात. तिथे ती नुसती सजावट. दुसऱ्यांदा येतं ते पावसात. कॅथीला दारापर्यंत पोचवून डॉन नाचत परत निघतो. हा प्रेमाचा आनंद, असं सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण त्याच रात्री, थोडं आधी, आवाज उसना घेण्याचा बेत पक्का झालेला असतो. बुडू पाहणारा चित्रपट वाचणार, याचाही आनंद त्या नाचात आहे. नाच इतका मोकळा, की हे आपल्या ध्यानात येत नाही.

तिसऱ्यांदा लीना प्रेक्षकांसमोर ओठ हलवते, कॅथी पडद्यामागे गाते, आणि पडदा वर जातो. गाणं तेच. आधी ज्यानं आनंद दिला, तेच आता साक्ष देतं. मूळ शब्दांत यातलं काहीच नव्हतं. हा अर्थ चित्रपटानं गाण्याला दिला. आमच्या मते हे त्याचं खरं यश.

पण एक हिशेब उरतोच. कॅथी लीनासाठी ‘वुड यू’ गाते, तिथला आवाज कॅथी झालेल्या डेबी रेनल्ड्सचा नाही, बेटी नॉयस यांचा आहे. आणि त्यांचं नाव श्रेयनामावलीत नाही! आवाजाला न्याय मागणाऱ्या चित्रपटानंच एक आवाज पडद्याआड ठेवला.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबईत झालेल्या ‘महल’च्या (१९४९) गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. पुढे पार्श्वगायकांना इथे नाव मिळालं, उदंड मिळालं.

यानं ‘सिंगिन इन द रेन’ लहान ठरतो, असं आम्ही म्हणणार नाही. त्यानं प्रश्न नेमका विचारला. उत्तर मात्र अर्धंच दिलं. पुढच्या वेळी शेवटचा पडदा वर गेला की टाळ्या जरूर वाजवा, पण त्यातल्या काही बेटी नॉयस यांच्यासाठी असू द्या.