दुपारच्या प्रयोगाला रात्र

आयुष्यभर मी नाटकांना नाकं मुरडत आलो. त्यामुळे नातवाबरोबर वरळीच्या नेहरू तारांगणात गेलो तोही समीक्षकाचा चष्मा चढवूनच.

सकाळ जवळच्याच नेहरू विज्ञान केंद्रात गेली. मी 'हात लावू नये' या पाटीच्या धाकात वाढलेला. इथे बऱ्याच वस्तू मांडल्यात त्या हात लावण्यासाठीच! नातवाने दिसेल ते बटण दाबलं. मला एका आरशाने असं सडपातळ केलं, की डॉक्टरांना बारा वर्षांत ते जमलेलं नाही.

आता मुख्य प्रयोग. तारांगण 1977 सालचं. 2003 मध्ये तिथे डिजिटल यंत्रणा आली. खुर्ची अशी मागे कलते, की समीक्षकाला झोपायला निराळी सबब लागत नाही. रंगमंच डोक्यावर, त्यामुळे पुढच्या बाईंचा अंबाडा आड येण्याचीही भीती नाही. पात्रपरिचय मीच सुरू केला, "हे बघ, ग्रह नऊ..."

"आठ, आजोबा! प्लूटोला 2006 मध्येच काढलं."

शाळेत घोकलेली भूमिका अशी भर प्रयोगात हातची गेली.

मग सूर्य मावळला, काळोख दाटला आणि सबंध सभागृहाच्या तोंडून "आहा!" निघालं. निवेदन, संगीत यथास्थित. पण प्रयोगाचा प्राण म्हणजे हा काळोखच. नातू कुजबुजला, "आजोबा, एवढे तारे खरंच असतात?"

माझ्यातला समीक्षक तिथेच गप्प झाला. लहानपणी आईने अंगणातून सप्तर्षी दाखवले होते; वसिष्ठाला खेटून बसलेली अरुंधतीसुद्धा. त्या जोडीचा प्रकाश इथवर यायला सुमारे 80 वर्षं लागतात. म्हणजे माझ्या जन्माच्या सुमारास निघालेला पाहुणा आत्ता कुठे पोचतोय, आणि आमच्या सोसायटीचे दिवे त्याला दारातूनच परत पाठवतायत!

तेव्हा तक्रार एकच, आणि ती तारांगणाबद्दल नाही. मूळ नाटक रोज रात्री आपल्याच गच्चीवर फुकट चालू असतं. त्यावर उजेडाचा पडदा पाडून आपण नक्कल तिकीट काढून बघतो. नक्कल मात्र इतकी सुरेख, की मूळ बघावंसं वाटतं. समीक्षकाने याहून मोठी दाद ती कोणती द्यायची?

उन्हाळ्यातल्या एखाद्या अमावस्येला नातवाला घेऊन गावी जाणार आहे. अरुंधती सापडली नाही, तर प्रॉम्प्टिंगला तो आहेच.